गांधार लाल, पैसे गेले: आवाजाच्या अ‍ॅपचा वापरानंतरचा अनुभव

दुसऱ्या वर्षाची वर्गणी न विचारता खात्यातून कापली गेली, म्हणून आजच लिहायला बसलो. नाहीतर चतुर्थी आटोपल्यावर निवांत लिहिणार होतो. अ‍ॅप गळ्याच्या सरावाचे धडे देतं, आणि गाताना स्वर जुळला की नाही ते पडद्यावर सुईने दाखवतं: जुळला तर हिरवी, नाहीतर लाल.

माझं गाणं म्हणजे गोव्यात फोंड्याकडच्या देवळांतली भजनं, चतुर्थीत घुमट-आरती (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य), नाटकाच्या हंगामात दोनचार नाट्यपदं आणि ऑफिसातल्या ख्रिस्ती मित्रांबरोबर मांडो, म्हणजे त्यांची कोकणी गाणी. आरतीत घुमट, शामेळ (ढोल) आणि कासाळे (झांजा) यांच्या वर आवाज काढावा लागतो. नाट्यपदात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. मांडो मात्र संथ आणि मऊ. तिथे आरतीचा गळा लावला की बाकीचे वळून बघतात. श्रावणातला सप्ताह झाला की माझा आवाज बसायचा, तो चतुर्थीपर्यंत सुटायचा नाही.

यंदा बसला नाही. श्रेय अ‍ॅपमधल्या स्ट्रॉच्या सरावाला. बारीक नळीतून ‘ऊ’ काढत मंद्रातून (खालच्या सप्तकातून) वर सरकायचं. नळीत हवा अडते, तो दाब उलटा स्वरयंत्रापर्यंत पोचतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात. प्लास्टिकचे स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंद, आणि कागदी पाच मिनिटांत लिबलिबीत होतो. स्टीलची बारीक नळी घ्या, एकदाच खर्च.

दुसरा फायदा वरच्या सप्तकात. काळी एक या माझ्या पट्टीत तार मध्यमावर (वरच्या सप्तकातल्या ‘म’वर) माझा आवाज हमखास फाटायचा. आता जाड आवाज तसाच ओढत नेत नाही, धैवतापासूनच थोडा हलका करत जातो. ओठ फुरफुरवत त्याच टप्प्यावर वरखाली करण्याचे धडे अ‍ॅपवाल्यांनी खरंच चांगले दिलेत. खर्जाला, म्हणजे खालच्या स्वरांच्या रियाजाला, मात्र त्यांनी हातही लावलेला नाही. तो गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे पहाटे वेगळा करतो.

आता ती सुई. यमन राग घेऊन बसलो, तानपुरा लावला, गांधारावर (‘ग’वर) थांबलो, की सुई लाल. कान म्हणतो जुळला, अ‍ॅप म्हणतं उतरला. शेवटी हिशेब मांडला. अ‍ॅप सप्तकाचे बारा सारखे भाग धरतं, म्हणजे षड्जापासून (‘सा’पासून) गांधार ४०० सेंटवर (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार ऐकू येतो, तो ३८६च्या आसपास. चौदा सेंटचा फरक, आणि यांची सुई दहाच्या पलीकडे लाल. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेचं तर विचारूच नका, सबंध वाटभर लाल. इथल्याच केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयजर यानाबरोबर अवकाशात गेलं. या सुईने त्यांनाही नापास केलं असतं! ग्राहकसेवेला सगळं आकड्यांसकट कळवलं. उत्तर आलं: कृपया शांत जागी बसून माईकजवळ गा.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि दोनच स्टार देणार होतो. मग मांडोची तालीम झाली. मांडोत दुसरा आवाज बराच वेळ पहिल्याच्या तिसऱ्या स्वरावर चालतो, आणि साथीला गिटार. तिथे माझा तानपुऱ्याचा गांधार गिटारशी घासायला लागला. सुईवर हिरवा येतो तो लावून पाहिला, चपखल बसला. मांडोपुरती सुई बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. स्टार तीन केले. पण ‘तानपुरा’ आणि ‘गिटार’ असं एक बटण द्यायला यांचं काय जातं? त्याऐवजी नव्या अपडेटमध्ये पडद्याचे रंग बदललेत.

घ्यायचंच असेल तर महिन्याची वर्गणी घ्या, वर्षाची नको, आणि यूपीआयचा ऑटोपे त्याच दिवशी बंद करा. परताव्याचं ‘सात दिवसांत कळवतो’ म्हणालेत. पैसे परत मिळाले नाहीत तर वर्षभर अ‍ॅप वापरून वसूल करीन. तानपुरा असला की मोबाईलवर सुईच्या जागी चिकटपट्टी लावून बसतो.