ओमालिझुमॅब: अंगावर गांधी उठणाऱ्यांसाठीचं इंजेक्शन

सहा आठवडे उलटून गेले तरी रोज अंगावर गांधी उठतात, डॉक्टरांनी ॲलर्जीची (अँटिहिस्टामिन) गोळी चौपट करूनही खाज थांबत नाही, अशांसाठी ओमालिझुमॅब ही पुढची भरवशाची पायरी. आमसुलाच्या पाण्याने बसणारं हे पित्त नव्हे. अमेरिकेत दम्यासाठी २००३ साली आणि या गांधींसाठी २०१४ साली ओमालिझुमॅबला मान्यता मिळाली.

गोळी काम करते ती हिस्टामिन, म्हणजे खाज आणि गांधी उठवणारं रसायन, सुटल्यावर, त्याचा एच-१ रिसेप्टर (पेशीवरची ते पकडणारी जागा) अडवून. हे इंजेक्शन त्याआधीच वाट अडवतं. हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशीवर एफसी-एप्सिलॉन-आर-वन हा रिसेप्टर असतो, त्यावर आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड (अँटीबॉडी) बसतं आणि पेशी भडकायला तयार होते. ओमालिझुमॅब रक्तातलं मोकळं आयजीईच धरून ठेवतं. ते घटलं की पेशी आपले रिसेप्टरही हळूहळू कमी करतात. म्हणून कुणाला आठवड्यात आराम पडतो, कुणाला काही महिने लागतात. दोन डोसांत निकाल लावू नका.

गांधींसाठी नेहमीचा डोस दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या दोन कुप्या, दोन वेगळ्या जागी. दम्यात मात्र वजन आणि आयजीई पाहून डोस ठरतो.

चुका होतात त्या कुपीतली औषधाची पावडर विरघळवताना. एका कुपीत १.४ मिली स्टराइल वॉटर घालायचं, कुपी उभी धरून दर पाच मिनिटांनी ५ ते १० सेकंद हलकेच फिरवायची. १५ ते २० मिनिटं लागतातच. घाईने खळखळ हलवली की फेस होतो. द्रावण दाट असतं, १.२ मिली टोचायलाही ५ ते १० सेकंद जातात.

नागपुरात खरी परीक्षा नवतपाची, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांची. औषध २ ते ८ अंशांत हवं, आणि धंतोलीतून दुपारी गाडीच्या डिक्कीत नेलं तर ते भट्टीतून नेल्यासारखंच. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक, त्यावर जाड पुठ्ठा, मग औषधाचं खोकं. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं औषध वापरायचं नसतं.

ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, क्वचित होतो, पण होतो. पहिल्या तीन वेळी दोन तास तिथेच थांबवून घेणारं, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवणारं क्लिनिकच निवडा. टोचून लगेच घरी पाठवत असतील तर दुसरीकडे जा.

आणि उपचार सुरू असताना किंवा थांबल्यावर वर्षभरात एकूण आयजीई तपासून घाबरू नका. औषधाला चिकटलेलं आयजीईही त्यात मोजलं जातं, आकडा वाढलेलाच दिसतो.