पोरांच्या ऑनलाइन अंकासाठी गूगल डॉक्स : आमचा अनुभव

सांगलीत कॉलेजच्या पोरापोरींचा ऑनलाइन अंक चालवतो आम्ही. दरवर्षी तीच कथा, लिहायला तयार झालेली पोरं पास होऊन पुण्याला जातात आणि नवीन येतात त्यांना हौस भरपूर पण लेख तपासून घ्यायची सवय नसते. अशी टीम सांभाळायची असेल तर गूगल डॉक्सच घ्या, डोळे झाकून.

खरी कामाची गोष्ट म्हणजे त्यातला सजेशन मोड. व्हॉट्सॲपवर लेख मागवला की तपासणारा सरळ बदलून छापतो, पोराला कळतच नाही काय बदललं आणि का. इथं आम्ही सीनियरला फक्त कमेंटरचा ॲक्सेस देतो, म्हणजे त्याला मजकुरात थेट हात घालताच येत नाही, नुसतं सुचवता येतं, आणि ते घ्यायचं का नाही हे लिहिणाराच ठरवणार. सगळं एकदम ॲक्सेप्ट करायचं बटण आहे पण ते दाबायचं नाही हा आमचा नियम, एकेक सजेशन वाचूनच पुढं जायचं.

मागं एका फर्स्ट इयरच्या पोरीनं पुरावर लिहिलेलं, 'कृष्णेचं पाणी खूप वाढलं, लोक घाबरले.' तिच्या सीनियरनं काही खोडलं नाही, बाजूला कमेंट टाकली, 'खूप म्हणजे किती गं? आयर्विन पुलाला किती फूट?' (आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथंच मोजतात.) पोरीनं घरी विचारलं, जुन्या बातम्या काढल्या आणि परत लिहिलं की आयर्विनला 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका, 2019 ला पाणी 57 च्याही वर गेलेलं, आणि आमच्या गल्लीत 40 चा आकडा ऐकला की बायका आधी धान्याची पोती माळ्यावर चढवतात. हे शेवटचं वाक्य कुठल्या संपादकाला सुचलं असतं सांगा! ते तिचंच होतं, फक्त कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. आता तीच नवीन पोरांचे लेख बघते आणि कमेंट टाकताना 'चूक' असं लिहीत नाही, प्रश्न विचारते.

व्हर्जन हिस्ट्री पण भारी आहे, कुणी काय बदललं ते रंगासकट दिसतं त्यामुळं भांडणं होत नाहीत. गावाकडच्या पोरांना रेंजचा त्रास असतो, त्यांनी घरी जायच्या आधीच फाईल ऑफलाइनला लावून ठेवायची. शुद्धलेखन मात्र माणसानंच बघावं, आमच्याकडं त्याला एक वेगळी मुलगी आहे आणि ती लई कडक आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. फाईल पोरांच्या अकाउंटवरून उघडू नका, अंकाचं एक अकाउंट काढा आणि तिथून शेअर करा, कारण फाईल जो बनवतो त्याच्याच मालकीची राहते, फोल्डर शेअर केलेलं असलं तरी. पोरगं कॉलेज सोडून गेलं आणि त्यानं अकाउंट बंद केलं तर लेख पण गेले. खर्च काही नाही, 15 जीबी फुकट मिळते, त्यात फोटो आणि मेल पण मोजतात म्हणून फोटो वेगळे ठेवा, नुसत्या लेखांना ती जागा वर्षानुवर्षं पुरते.