हेरल्डच्या नादात ९,६५० पौंड घालवले, तुम्ही घालवू नका

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. लाज, दुसरं काही नाही. इथे कव्हेंट्रीत ज्यांना कळलंय ते तोंडावर काही बोलत नाहीत, पण माझ्या ड्राइव्हवे वरच्या ताडपत्रीकडे (खाली हेरल्ड नावाची जुनी ब्रिटिश गाडी आहे) बघून गालात हसतात हे मला कळतं. तरी लिहितोय कारण परवा एका ओळखीच्याचा मेसेज आला, 'तुला जुन्या गाड्यांतलं कळतं ना, एक एमजीबी बघतोय, मालक सज्जन वाटतोय' (एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आणि त्याने पाठवलेल्या जाहिरातीतला फोन नंबर बघून माझ्या पोटात गोळा आला. तोच नंबर, मला गाडी विकणाऱ्याचा. माणूस अजून धंदा करतोय, मजेत.

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. टोकन ५०० पौंड, नंतर बँक ट्रान्सफर ९,१५०, एकूण ९,६५०. मागितले होते ११,५००, मी घासाघीस करून खाली आणले आणि परत येताना गाडीत शीळ घालत होतो. हा तपशील मुद्दाम सांगतोय. ज्याला माल खपवायचाय तो १,८५० पौंड हसत हसत सोडतो.

आता हेरल्डच का, ते सांगतो. सांगलीला आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, स्टँडर्ड हेरल्ड होती, दोन दारांची, सेकंडहँड घेतलेली. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवायचे ती, १९६१ पासून, म्हणजे मूळची इथलीच ट्रायम्फ हेरल्ड. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं आणि आण्णा पुढच्या टायरवर बूड टेकून इंजिन बघायचे, जसं डॉक्टर खाटेच्या कडेला बसतो. मागे आम्ही भावंडं आणि आत्या बसलो की मागची चाकं फेंगडी व्हायची, गल्लीतली पोरं हसायची. पसरणी घाटात दोनदा थांबून रेडिएटरला पाणी. ती गाडी १९८६ ला भंगारात गेली तेव्हा आण्णा दिवसभर बोलले नाहीत.

आणि नशीब बघा, नोकरीसाठी आलो ते थेट कव्हेंट्रीत, जिथे ही गाडी जन्मली. इथल्या कॅनली भागातला ट्रायम्फचा कारखाना १९८० ला बंद पडला. आज तिथे बिझनेस पार्क आहे आणि त्यातल्या एका रस्त्याचं नाव हेरल्ड ॲव्हेन्यू आहे. पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा फोटो काढून आण्णांना पाठवला होता. कारखाना गेला, पाटी राहिली. इथे जे मराठी भेटतात त्यातले कित्येक जण टाटांनी २००८ ला जग्वार लँड रोव्हर घेतल्यामुळे आलेत, म्हणजे चाक उलटं फिरलं म्हणा, पण ट्रायम्फ काही परत आली नाही. तिची शेवटची गाडी अक्लेम, ती तर होंडाची गाडी ट्रायम्फचा बिल्ला लावून विकली, १९८४ ला तेही संपलं. नाव आता बीएमडब्ल्यूकडे पडून आहे. त्याच बीएमडब्ल्यूने २००० साली रोव्हर दहा पौंडाला विकली होती. दहा पौंडाला अख्खी कंपनी आणि मी एका सडक्या गाडीला ९,६५० दिले!

तर मी एका ग्रुपवर 'हेरल्ड पाहिजे' अशी पोस्ट टाकली आणि वर आण्णांचा गाडीसोबतचा जुना फोटो टाकला. ही पहिली चूक. आपल्याला काय पाहिजे आणि का पाहिजे हे आधीच सांगितलं की समोरच्याला फक्त तेवढं विकायचं उरतं. दोन दिवसांत फोन. १९६९ ची हेरल्ड १३/६० (मॉडेलचं नाव), कन्व्हर्टिबल म्हणजे दुमडणाऱ्या कापडी टपाची, लाल रंग, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली, आता गुडघे साथ देत नाहीत. त्याच्या वडिलांची. माझ्या पोस्टमध्ये वडील, त्याच्या फोनमध्ये वडील. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो, आणि हे मला खटकलं नाही.

पीटरबरोच्या पुढे एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं, म्हणे आत्ताच पेट्रोल भरून आलो. (गरम इंजिन दाखवणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, थंड असताना ती सुरू होते का ते कळत नाही, घरी जा.) खाली बघायला वाकलो तर चॅसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, नवंकोरं काळं अंडरसील (गंज रोखायचा लेप), डांबरासारखं चकचकीत. म्हटलं वा, किती जपलंय. डावं दार उचलून लावावं लागत होतं. तो हसून म्हणाला, ब्रिटिश गाडी आहे, तिचे लाड करावे लागतात. मीही हसलो. आमच्या अँबॅसडरच्या दाराला पण असंच होतं, असं मीच त्याला पुरवलं! आपणच त्याचं काम सोपं करतो.

आता तो क्षण. रात्री दोन वाजता जाग येते ती याच्यामुळे.

लॉगबुक, म्हणजे आपल्या आरसी बुकासारखं, त्याने स्वतःहून दाखवलं. त्यात बॉडी टाइपच्या रकान्यात सलून, म्हणजे पक्क्या छपराची गाडी, असं लिहिलेलं. गाडी समोर उघड्या टपाची. मी विचारलं. विचारलं मी, हे लक्षात घ्या, अगदीच आंधळा नव्हतो. तो म्हणाला, अहो पूर्वी हाताने नोंदी असायच्या, कॉम्प्युटरवर चढवताना क्लार्कने चुकीचं टाकलं, वडिलांनी कधी दुरुस्त केलं नाही. आणि मला हे एका सेकंदात पटलं. का पटलं? कारण आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चाळीस वर्षं चुकीचं होतं. सरकारी कागदावर चूक असते हे आपल्या रक्तातच आहे. त्या कागदावर माझा विश्वास नव्हता म्हणून मी माणसावर ठेवला.

इतकंच नाही. बॉनेटखाली आतल्या पत्र्यावर रिव्हेट मारलेली छोटी पट्टी असते, तिच्यावर कमिशन नंबर, म्हणजे कारखान्याने त्या गाडीला दिलेला नंबर. सुरुवातीला जीई, शेवटी डीएल. तो म्हणाला डीएल म्हणजे डिलक्स. आणि गंमत म्हणजे हे खरं आहे! डीएल म्हणजे डिलक्सच, पण डिलक्स सलून. कन्व्हर्टिबलच्या नंबराच्या शेवटी सीव्ही असतं. सीव्ही. माझ्या घराच्या पोस्टकोडची पहिली दोन अक्षरं सीव्ही आहेत, रोज कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर लिहितो. त्या पट्टीचा फोटो सुद्धा मी काढला होता, आण्णांना दाखवायला.

बायको मागच्या सीटवर बसून बघत होती. म्हणाली, अरे मागे तर तिघं आरामात बसतील. मी खूश. खऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये मागची सीट अरुंद असते, टपाचा सांगाडा बाजूला दुमडतो त्याला जागा लागते. पुरावा तिच्या बुडाखाली होता आणि आम्ही दोघं हसत होतो.

ज्यांना हेरल्डचं माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण फसवणूक याच्याशिवाय कळणार नाही. त्या काळात सगळे एकसंध बॉडीच्या गाड्या करायला लागले होते. हेरल्डवाल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी बनवून द्यायची फिशर अँड लडलो, ती १९५३ ला बीएमसीने (मुंबईची नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतली. आता अख्खी बॉडी कोण देणार? म्हणून १९५९ च्या हेरल्डला जुन्या पद्धतीचा वेगळा चॅसिस दिला आणि वरची बॉडी तुकड्यांत, बोल्टांनी जोडायची. मिकेलोत्तीने तुरीनमध्ये डिझाइन केलेली, दिसायला देखणी, पण आत मेकॅनोचा सेट. सलूनचं छप्पर सुद्धा बोल्टांवर. दोन माणसं आणि एक दुपार, छप्पर उतरतं. वर कुठून तरी मिळवलेला कापडी टप बसवला की झाली कन्व्हर्टिबल, आणि उघड्या गाडीला भाव जास्त. ब्रिटिश गाड्यांचा धंदा असाच एकमेकांचे पाय ओढत बुडाला, १९६८ ला सगळ्यांना ब्रिटिश लेलँडच्या एका छपराखाली कोंबलं तरी रोव्हर आणि ट्रायम्फ एकमेकांच्याच गिऱ्हाइकांवर टपलेले, १९७५ ला सरकारने ताब्यात घेऊनही सावरलं नाही. ते जाऊ दे. माझ्या खिशातून पैसे गेले त्याचं मूळ १९५३ मध्ये आहे असं मी बायकोला समजावलं, ती उठून गेली.

स्वतः असा बदल करणं हा गुन्हा नाही हो, हौशी लोक उघडपणे करतात आणि तसं सांगून विकतात. सांगितलं असतं तर मी पाच हजारांच्या वर गेलो नसतो. पण खरं दुखणं वेगळंच निघालं.

चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली, कॅनलीच्या लाइनवर उमेदवारी केलेला माणूस. १२० पौंड घेतले त्याने तपासायचे, आणि हे १२० मी आधी दिले असते तर आज हे लिहित नसतो. त्याने काही बोलायच्या आधी सीटची रुंदी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मग गाडी जॅकवर घेतली आणि दाराची फट डोळ्यांदेखत रुंदावली, गाडी मधून वाकत होती. मग खाली शिरून साधा स्क्रूड्रायव्हर त्या चकचकीत अंडरसीलला टेकवला. दाबला नाही, टेकवला. मुठीपर्यंत आत गेला. आउटरिगरमधून (चॅसिसला बाजूने जोडलेले लोखंडी हात) ओंजळभर गंज, फायबरग्लासचं कापड आणि वर्तमानपत्राचे बोळे पडले. त्याने एक बोळा उलगडून तारीख बघायचा प्रयत्न केला. तो हसत नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला ही चालवून घरी नेऊ नका. ट्रेलरचे ९५ पौंड.

एमओटी, म्हणजे इथली गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, बघितली नव्हती का असं विचाराल. चाळीस वर्षांवरच्या गाडीला मे २०१८ पासून एमओटी लागत नाही, रोड टॅक्सही माफ, आणि हेच तो मला फायदा म्हणून सांगत होता. पण जुन्या टेस्टचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, नंबर टाका, दोन मिनिटं. मी घेतल्यानंतर टाकला. शेवटची टेस्ट २०१७, नापास, चॅसिसला गंज, चार ठिकाणी. त्यानंतर काहीच नाही. आधी टाका. गाडी बघायला जायच्या आधी, बसमध्ये बसून टाका.

आता साहेब लोकांकडे वळतो. बँकेला फोन, पन्नास मिनिटं संगीत. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करायला लावलेल्या ट्रान्सफरचे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचा नियम आहे ना? आहे म्हणे, पण तुम्हाला गाडी मिळाली आहे, म्हणजे हा वस्तूच्या दर्जाचा वाद, दिवाणी बाब. गाडी मिळाली नसती तर पैसे मिळाले असते, मिळाली म्हणून मिळणार नाहीत. मग पोलिसांची फ्रॉडची लाइन. रेफरन्स नंबर दिला, तो अजून फ्रिजवर चिकटवलाय. पाच आठवड्यांनी ईमेल, तपासाला वाव नाही. अहो त्या माणसाचा फोन चालू आहे! मी शोधलं, त्याच नंबरावर चार महिन्यांत चार गाड्यांच्या जाहिराती, दोन मॉरिस मायनर, एमजीबी, एक मिनी, सगळ्या 'वडिलांच्या आठवणी'. किती वडील आहेत याला? स्क्रीनशॉट पाठवले, उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइनवाली बाई गोड बोलली, म्हणाली तो ट्रेडर, म्हणजे धंदा म्हणून गाड्या विकणारा, असेल तर कायदा तुमच्या बाजूने, तीस दिवसांत गाडी परत करता येते, पण तो ट्रेडर आहे हे तुम्ही सिद्ध करा. मी? मग तुम्ही कशाला बसलाय? बरं, खाजगी विकणाऱ्यानेही खोटं वर्णन केलं तर दावा होतो, म्हणून कोर्टात स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, टाकला, फी ४५५ पौंड. नोटीस परत आली, त्या पत्त्यावर तो राहत नाही, शेड भाड्याचं. खरा पत्ता बँकेकडे आहे, खातं काढताना दिलाच असणार. बँक म्हणते डेटा प्रोटेक्शन, सांगता येत नाही. चोराच्या पत्त्याला संरक्षण आहे, माझ्या ९,६५० ला नाही. आपल्याकडे चौकीत निदान चहा तरी विचारतात.

टोकनचे ५०० क्रेडिट कार्डावर दिले असते, थेट विकणाऱ्याला, तर कदाचित कार्ड कंपनीला धरता आलं असतं. अर्थात तो कार्ड घेत नव्हता, आणि तो घेत नव्हता हेच उत्तर होतं. लॉगबुकवर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, ते वाचा. खिशात चुंबक ठेवा, फ्रिजवरचा सुद्धा चालेल, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. विकणाऱ्याच्या घरीच गाडी बघा, शेडमध्ये नाही, शेतात नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नाही. आणि त्या मॉडेलच्या क्लबातल्या एखाद्या चिडक्या म्हाताऱ्याला सोबत न्या, त्याला जेवण घाला, त्याला तुमच्या आठवणींशी घेणंदेणं नसतं.

गाडी आणली त्या संध्याकाळी आण्णांना व्हिडिओ कॉल केला होता. ब्याऐंशी वर्षं वय, एक डोळा मोतीबिंदूचा. मी टप उघडून, गाडीभोवती फोन फिरवून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मला वाटलं भरून आलं असेल. मग म्हणाले, 'छप्पर काढलंय होय रे? आपल्या गाडीचंपण मिरजेच्या फिटरनं काढलं होतं एकदा, डेंटिंगला. संध्याकाळपर्यंत परत बसवलं गड्यानं.' मी म्हटलं नाही आण्णा, ही वेगळी असते, कन्व्हर्टिबल. 'असंल,' म्हणाले.

किंमत त्यांना साडेचार हजार सांगितली आहे. सांगलीकडच्या कुणी हे त्यांना फॉरवर्ड करू नका.