नव्या घरगटांसाठी सामूहिक प्रार्थनेचा वर्ग, शरणपूर, नाशिक : एक परीक्षण

शरणपूर परिसरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) नव्या घरगटांसाठी, म्हणजे घरोघरी जमणाऱ्या लहान गटांसाठी, सामूहिक प्रार्थनेचा वर्ग सुरू केला असून आमच्या गटाने तो नुकताच पूर्ण केला. सहा बैठका आणि दर शनिवारी संध्याकाळी दीड तास, असे त्याचे स्वरूप आहे. शुल्क नाही, पुस्तिकेचे ५० रुपये तेवढे द्यावे लागतात. गट नियमित जमतो, बायबलच्या वचनाचा अभ्यास मनापासून होतो, परंतु ‘आता कोणी प्रार्थना करील का?’ असे विचारताच सर्वांच्या माना खाली जातात आणि अखेरीस पाळकसाहेबांनाच प्रार्थना करावी लागते, अशी ज्या गटांची स्थिती आहे, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा, असे माझे मत आहे.

आमच्या गटाची अडचण थोडी अधिक गुंतागुंतीची होती. नाशिकरोडकडील कॅथलिक कुटुंबांना जपमाळेची लय लहानपणापासून अंगवळणी पडलेली; उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) वाढलेल्यांना उपासनेच्या पुस्तकातील प्रार्थनांची सवय; आणि सातपूर व अंबडच्या कारखान्यांत काम करणारे तरुण ज्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांतून आले, तेथे सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. या तरुणांना संकोच वाटणार नाही, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात शंभर आवाजांत मिसळलेल्या आपल्या आवाजाला जो आडोसा मिळतो, तो आठ-दहा जणांच्या खोलीत राहत नाही, आणि तेही इतरांइतकेच अवघडून बसत. वर्ग घेणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाईच म्हणतात, त्यांनी पहिल्या बैठकीत कोणालाही प्रार्थना करायला सांगितले नाही. आपल्या घरी लहानपणी प्रार्थना कशी होत असे, एवढेच प्रत्येकाने सांगायचे होते. कोणाची रीत उणी नाही, हे त्यामुळे उपदेश न करताच स्पष्ट झाले.

त्यानंतर बायबलमधील स्तोत्र १३६ वाचले गेले. या स्तोत्राच्या सव्वीसही वचनांचा शेवट देवाची दया सनातन असल्याच्या एकाच घोषाने होतो. बाई वचनाचा पूर्वार्ध वाचत आणि उरलेले सर्वांनी मिळून म्हणायचे. चार-पाच वचनांनंतर आवाज मोकळे झाले. मग त्याच चालीवर प्रत्येकाने आपल्या आयुष्यातील एका उपकाराचे एकच वाक्य बोलायचे आणि बाकीच्यांनी तोच घोष करायचा. माझ्या मते संपूर्ण वर्गातील ही सर्वांत मोलाची रीत आहे, कारण तीत बोलणारा एकटा पडत नाही: त्याचे वाक्य अडखळले तरी ते पूर्ण करायला गट तयार असतो. ज्याला बोलायचे नसेल त्याने केवळ ‘आमेन’ म्हणावे आणि पाळी पुढे जावी, ही मुभा शेवटच्या बैठकीपर्यंत कायम होती. आमच्या गटातील एका मावशींनी पहिल्या तीन बैठकांत या मुभेखेरीज काही वापरले नाही. चौथ्या बैठकीत त्यांनी आपणहून नातवाच्या परीक्षेसाठी दोन वाक्ये प्रार्थना केली.

लिहिलेली प्रार्थना वाचणे ही खरी प्रार्थना नव्हे, असे आमच्यातील काही तरुणांचे म्हणणे होते. त्यावर बाईंनी शरणपूरचाच दाखला दिला. चर्च मिशनरी सोसायटीच्या येथील आश्रयस्थानात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत असत. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत गेला आणि १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले तेव्हा त्यांच्या दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली. दुःखाने स्वतःचे शब्द सुचत नाहीत अशा वेळी मंडळीचे शब्द उसने घेण्यात कमीपणा नाही, हा मुद्दा तरुणांना या दाखल्यामुळे मनापासून पटला. प्रभूची प्रार्थनाही येथे त्याच रीतीने वापरली जाते: एक विनंती सर्वांनी म्हणायची, थांबायचे आणि ज्याला वाटेल त्याने तिला जोडून आपले वाक्य बोलायचे. ‘आमची रोजची भाकर’ येथे आले, की कंत्राटी नोकरी, कांद्याचे भाव आणि द्राक्षे काढणीला आलेली असताना येणारा अवकाळी पाऊस हे विषय कोणी न सुचवता पुढे येतात.

गट चालवणाऱ्यांसाठी दिलेली सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. प्रमुखाची पहिली प्रार्थना जितकी लांब आणि अलंकारिक, तितके नवे लोक गप्प होतात, कारण तीच मोजपट्टी आहे असे त्यांना वाटते. म्हणून प्रमुखाने तीन-चार साध्या वाक्यांत, घरात बोलतो त्या मराठीत प्रार्थना करावी आणि नंतरची शांतता घाईने भरून काढू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने आपली प्रार्थना शिकवण्यापूर्वी फार बोलण्याविरुद्ध बजावले आहे, हे आपण पाठ असूनही किती सहज विसरतो! आमच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनीही ही सूचना मनावर घ्यावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

प्रार्थनेचे विषय सांगण्याबाबतचे नियमही विचारपूर्वक केलेले आहेत. सांगितलेली गोष्ट गटाबाहेर जाऊ द्यायची नाही, दुसऱ्याच्या घरातील गोष्ट त्याच्या संमतीवाचून प्रार्थनेत आणायची नाही आणि प्रार्थनेच्या आडून कोणाला समज द्यायची नाही. शेवटचा नियम ऐकून काही जणांचे चेहरे बदलले, पण त्याची गरज होतीच.

काही उणिवा सांगितल्याच पाहिजेत. पुस्तिकेचा टाइप इतका बारीक आहे, की साठीपुढील व्यक्तींना संध्याकाळच्या दिव्यात ती वाचता येत नाही. पाचवी बैठक उपवासाच्या विषयाकडे वळली आणि मूळ हेतूपासून दूर गेली. बैठकीच्या आरंभी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे गाण्याची कल्पना चांगली आहे, कारण गायलेल्या कंठाला बोलणे सोपे जाते, परंतु पेटी वाजवणारे कोणी नसले की वेळ वाया जातो. सर्वांत मोठी उणीव अशी, की सासू-सासऱ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करताना सुनेला जो संकोच वाटतो, त्याचा वर्गात विचारच केलेला नाही. एकाच घरातील माणसे एकाच गटात असतात, हे आपल्याकडचे वास्तव आहे. पहिल्या दोन बैठकांत त्यांना वेगवेगळ्या जोड्यांत बसवले असते, तर आमच्यातील दोघी-तिघी आधीच बोलत्या झाल्या असत्या. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि पुढील तुकडीत तसा बदल करू असे सांगितले.

लहान मुलांची सोय नाही, त्यामुळे तरुण जोडप्यांनी घरी व्यवस्था करूनच यावे. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्यांसाठी रविवारी उपासनेनंतर वर्ग ठेवण्याची मागणी आमच्या गटाने केली आहे. नावनोंदणी गटाच्या प्रमुखामार्फतच होते, आणि निम्म्याहून अधिक गट येणार असेल तरच जावे, कारण एकट्या-दुकट्याने शिकून घेऊन नंतर इतरांना सांगण्याजोगे यात फारसे काही नाही.