अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचं कोटेशन: पैसे कशाचे लागतात आणि कुठे वाया जातात

5 बाय 4 मीटरची खोली, उंची 3 मीटर. छताला 9 मिलिमीटर जाडीचे, उष्णता अडवणारे अ‍ॅस्बेस्टॉस इन्सुलेटिंग बोर्ड. सगळे मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसांचं काही तासांचं काम. तरी कोटेशन येतं तीन-चार दिवसांचं, आणि खालचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात.

या सेवेत माल काढण्याची मजुरी थोडीच असते. खरा खर्च धूळ खोलीबाहेर जाऊ न देण्याचा, कारण या खनिजाचे बारीक तंतू धुळीबरोबर श्वासात गेले की कॅन्सर होऊ शकतो. सेवेचा दर्जाही त्यावरूनच ठरतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमक्या त्याच ओळी गाळलेल्या असतात.

वरच्याच खोलीचा हिशेब मांडू. भिंती 54 चौरस मीटर, जमीन 20, मिळून 74. जाड पॉलिथीन दोन थरांत लावायचं म्हणजे दीडशे चौरस मीटर. एकावर एक चढवलेल्या कडा, खिडक्या आणि ये-जा करायचे कप्पे वेगळे. खोलीतली हवा 60 घनमीटर. ब्रिटनमधल्या पद्धतीप्रमाणे तासाला किमान 8 वेळा ती हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरमधून ओढून बाहेर सोडायची, म्हणजे तासाला 480 घनमीटर. 500 क्षमतेचं एक यंत्र कागदावर पुरतं. प्रत्यक्षात पुरत नाही, कारण धुळीने पुढचा जाळीचा फिल्टर भरत गेला की ओढ कमी होते आणि आतला दाब बाहेरच्या बरोबरीला येतो. दाब बाहेरपेक्षा निदान 5 पास्कलने कमी राहायला हवा, आणि तो दाखवणारा मापक काम संपेपर्यंत चालू हवा. कोटेशनमध्ये यंत्रांची संख्या आणि क्षमता लिहिलेली नसेल, तर ती विचारावी. उत्तर देताना कंत्राटदार खोलीचं घनफळ विचारत नसेल, तर त्याने हिशेब केलेलाच नाही.

मांडणी झाल्यावर, कामाला हात लावण्यापूर्वी, आत धूर सोडून गळती बघतात. दिव्यांच्या खाचा, पाइपांची भोकं आणि दरवाजाची चौकट इथून धूर हमखास निसटतो. घराचा एसी किंवा एक्झॉस्ट चालू राहिला तर ही सगळी मेहनत फुकट. कामगारांसाठी तीन कप्पे लागतात: मळक्या कपड्यांचा, अंघोळीचा, स्वच्छ कपड्यांचा. अंघोळीचं पाणीही गाळूनच सोडायचं. हे सगळं दिखाऊ वाटतं खरं, पण अंगावरच्या कपड्यांतून धूळ घरी गेल्याने कामगारांच्या कुटुंबीयांना मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. या कप्प्यांचे पैसे कापायला सांगू नयेत.

आता उलट बाजू. हीच मांडणी सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांसाठी कोणी विकत असेल तर तो सरळ जादा पैसे घेतोय. सिमेंटच्या पत्र्यात साधारण 10 ते 15 टक्के तंतू असतात, तेही सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. इन्सुलेटिंग बोर्डात तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस बहुधा 20 ते 40 टक्के, आणि तो हाताने तुटतो. फवारून लावलेल्या थरात हेच प्रमाण 85 टक्क्यांपर्यंत जातं, आणि पाइपांवरचं जुनं लेपण तर बोटाने चुरतं. या तीन प्रकारांना बंदिस्त मांडणी हवीच, पत्र्यांना नाही. रंग लावलेल्या भिंतीवर बोर्ड आणि सिमेंटचा सपाट पत्रा वरून सारखेच दिसतात. डोळ्यांनी ओळखून दर सांगणाऱ्याच्या कोटेशनला म्हणूनच काही अर्थ नाही.

पत्रे उतरवण्यात कौशल्य आहे ते न फोडण्याचं. आधी पाण्यात थोडा साबणासारखा द्रव मिसळून हलक्या दाबाने फवारायचा. जोरदार पाण्याच्या झोताने धुवायचं नाही. त्याने पृष्ठभाग सोलून निघतो आणि चिखल सगळीकडे उडतो. गंजलेले जे-बोल्ट बोल्टकटरने तोडायचे. ग्राइंडर आणला की काम तिथेच थांबवावं. पत्रा अखंड उचलून परांचीवरून खाली द्यायचा, टाकायचा नाही. पत्र्यावर पाय तर द्यायचाच नाही, कारण जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. पत्र्यांच्या कामात ताबडतोब जीव घेणारा धोका तंतूंचा नसून छतातून खाली पडण्याचा आहे. म्हणून परांची, चालायच्या फळ्या आणि खालची जाळी यांचे पैसे निमूट द्यावेत. वळचणीखालची पन्हाळ आणि तिच्यातला शेवाळाचा गाळ कामात धरला आहे का, हे मात्र विचारावं. झिजलेल्या पत्र्यांचे तंतू तिथेच साचतात, आणि हा गाळ बहुतेक कोटेशनमध्ये विसरलेला असतो.

तपासणीवर होणारा खर्च सगळ्यात वसूल. ब्रिटनने निळा आणि तपकिरी प्रकार 1985 मध्ये बंद केला, पांढरा 1999 मध्ये. ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीस सगळंच बंद केलं. बांधकामाच्या सालावरून संशय घेता येतो, खात्री करता येत नाही. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या मालाचा वेगळा नमुना हवा. घरभर मिळून एकच नमुना घेतला तर तो अहवाल नुसता कागद. प्रयोगशाळा सहसा पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपने बघते. जुन्या विनाइल फरशीत तंतू इतके बारीक असू शकतात की ते या पद्धतीने निसटतात. तिथे ‘आढळले नाही’ असं आलं तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी करून घ्यावी. फरशीखालच्या काळ्या डांबरी चिकटीचा नमुनाही स्वतंत्र घ्यायचा. फरशीत तंतू नाहीत, पण खालची चिकटी घासून काढण्याच्या नादात घरभर धूळ, असं होऊ शकतं.

अशा फरशीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ती धड असेल तर काढूच नये. वरून नवी फरशी घालावी आणि खाली काय आहे याची नोंद घराच्या कागदांत ठेवावी. चांगल्या अवस्थेतल्या, कोणी भोकं पाडणार नाही अशा बोर्डालाही सीलर (तंतू सुटू न देणारा लेप) लावून ठेवता येतं. मात्र अधूनमधून पाहणी करत राहावी लागते, आणि पुढे कधी वायरिंग बदलायचं ठरलं की काढण्याचा खर्च पुन्हा दारात उभा. दोन-तीन वर्षांत नूतनीकरण करायचंच असेल तर सीलरवर पैसे घालवू नयेत.

काम संपल्यावरची हवेची चाचणी हा या सेवेतला सगळ्यात सहज फसवला जाणारा भाग. ती काढणाऱ्या कंत्राटदाराने स्वतः करायची नाही. तपासनीस वेगळा, आणि त्याची नेमणूक घरमालकाची. आधी डोळ्यांनी तपासणी, टॉर्च तिरपा धरून. चौकटींच्या वरच्या कडा, स्क्रूंच्या भोकांतले बोर्डाचे तुकडे, वायरींच्या पाठीमागची फट. ही तपासणी होण्याआधीच सीलर फवारलं असेल तर उरलेली धूळ त्याखाली लपवली असं समजावं. मग हवा. ब्रिटनच्या पद्धतीत निदान 480 लिटर हवा फिल्टरमधून ओढतात. मिनिटाला 8 लिटरच्या पंपाला त्यासाठी एक तास लागतो. त्या वेळात पृष्ठभाग झाडून धूळ मुद्दाम उठवायची, कारण निपचित हवेत चाचणी कोणतीही खोली पास होते. निकाल मिलिलिटरला 0.01 तंतूपेक्षा कमी हवा. अहवालात पंपाची वेळ दहा-पंधरा मिनिटं दिसली तर पैसे थांबवावेत.

कोटेशनमध्ये काय नाही, हेही वाचावं. नवं छत, गिलावा, रंग, सहसा काहीच नसतं. ‘प्रत्यक्ष आढळेल त्यानुसार जादा’ ही ओळ असेल तर जादाचा दर चौरस मीटरमागे किंवा पाइपच्या मीटरमागे आधीच लिहून घ्यावा. पोटमाळ्यात किंवा जमिनीखाली पाइपांचं लेपण निघालं की याच ओळीवर बिल फुगतं. लहान कामाला किमान आकार लागतो, कारण यंत्रं आणि कप्पे एका बोर्डासाठीही तेवढेच आणावे लागतात. दोन खोल्यांचं काम एकदम केलं तर तो खर्च वाटला जातो.

शेवटचा हप्ता मात्र कचऱ्याची पावती बघूनच द्यावा. 6 मिलिमीटरचा पन्हळी पत्रा चौरस मीटरला साधारण 13-14 किलो भरतो, आणि एकावर एक चढलेल्या कडा धरल्या तर 60 चौरस मीटरच्या छपराचा माल टनाच्या आसपास जातो. दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, लेबल लावून परवानाधारक जागी पोहोचवल्याच्या पावतीवर सहाशे किलो असतील, तर उरलेले पत्रे कुठल्या तरी गोठ्यावर चढले आहेत किंवा राडारोड्यात गेले आहेत.