एलायझा कुठली पाहावी, १९३८ ची की १९६४ ची?

'ती फुलराणी' मनात घर करून बसलेली असते, मग कधीतरी मूळची एलायझा पाहावीशी वाटते: लंडनची फुलवाली, जिला भाषातज्ज्ञ हिगिन्स उमरावी इंग्रजी बोलायला शिकवतो. समोर दोन सिनेमे येतात. बर्नार्ड शॉच्या नाटकावरचा १९३८ चा ब्रिटिश 'पिग्मॅलियन', कृष्णधवल, दीड तासाचा. आणि त्याच नाटकावरून ब्रॉडवेवर गाजलेल्या संगीतिकेचा १९६४ चा हॉलिवुडी अवतार 'माय फेअर लेडी', रंगीत, जवळजवळ तीन तासांचा.

डोळ्यांचं पारणं फिटायला हवं असेल तर १९६४ चाच लावा. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत वेशभूषाकार सेसिल बीटननं सगळी उमराव मंडळी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या कपड्यांत उभी केली आहेत. घोडे समोरून जातात तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. त्या पुतळ्यांमध्ये एलायझा आपल्या घोड्यावर जीव तोडून ओरडते! हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनला आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायचे नव्हते. टायमध्ये बिनतारी माइक लपवून तो सेटवरच गायला, म्हणून त्याचं गाणं बोलता बोलता सुरू होतं.

एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नच्या वाट्याला हे आलं नाही. तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत. मला ते फार खुपतं, कारण ही गोष्टच एका मुलीच्या आवाजाची आहे. हिगिन्सवर चिडून ती 'जस्ट यू वेट' म्हणते ती जागा बघा. 'ती फुलराणी'तल्या भक्ती बर्वेंचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आठवेलच. तिथे सुरुवातीचा खरखरीत आवाज ऑड्रीचाच आहे. सूर चढतो आणि आवाज बदलतो; कान देऊन ऐकलं तर सांधा कळतो.

१९३८ च्या सिनेमातल्या वेंडी हिलरच्या एलायझाला असा सांधा नाही. चहाच्या बैठकीत एकेक स्वर तोलत ती मावशीच्या मरणाची हकीकत सांगते, तेव्हा उच्चार दिवाणखान्यातले आणि मजकूर गल्लीतला. स्पेनच्या पावसाचं ते प्रसिद्ध वाक्यही शॉच्या मूळ नाटकात नव्हतं, ते या सिनेमातून आलं. गाणं त्यावर नंतर झालं.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर मी हिलरकडेच जाईन. शेवट मात्र दोन्हीकडे सारखाच: ती परत येते आणि हिगिन्स सपाता मागतो. शॉनं नाटकाला जोडलेल्या लेखात ती तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते. तो शेवट हवा असेल तर पुस्तकच काढावं लागेल.