डाउनी की गॉसलिंग?

'ओपनहायमर' आणि 'बार्बी' २१ जुलै २०२३ला एकाच दिवशी आले. त्यांतल्या सहायक भूमिकांत भारी कोण, यावरून गंगापूर रोडला मिसळ खाताना आमच्यात पेटलेला वाद अजून विझलेला नाही.

'ओपनहायमर'मधला रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा स्ट्रॉस, म्हणजे ओपनहायमरवर डूख धरणारा अधिकारी, तळ्याकाठी उभा असतो आणि आइनस्टाइन त्याच्याकडे न बघताच निघून जातो. एवढंसं खुपलेलं, पण हा गृहस्थ वर्षानुवर्षं ते कुरवाळत बसतो. आवाज गोड, जबडा मात्र आवळलेला. ऑस्कर त्यालाच मिळालं, रास्तच.

आणि 'बार्बी'तला रायन गॉसलिंगचा केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार बाहुला? फरचा कोट घालून मिरवतो, आणि पुरुषसत्ता म्हणजे घोडे नव्हेत हे कळल्यावर त्याचा त्यातला रसच जातो! हसता हसता त्याची कीव येते, ते मला जास्त अवघड वाटतं. माझं मत केनला. (मिसळीचं बिल मात्र डाउनीवाल्यानं भरलं.)